कढई ओतून देणारे व्याही

“नातीच्या मायेपोटी आजोबा थेट बंगळूरला गेले आणि तिला हाताला धरून घरी घेऊन आले. पुढं तिच्या आईच्या वडिलांनी, म्हणजे इथं बसलेल्या आपल्या मोजणीसाहेबांनी, दोन्ही घरांची समजूत घातली, म्हणून ती मुलगी परत गेली आणि आज उपग्रह बनवते आहे. आजोबांचं प्रेम अडाणी होतं मंडळी, पण प्रेम होतं.”

हे उद्गार आमच्या व्याह्यांच्या दशक्रियेत, भीमेच्या घाटावर, ध्वनिक्षेपकातून काढण्यात आले. काढणारे गृहस्थ दौंड तालुक्यातील एक माजी सभापती असून श्रद्धांजलीसाठी उभ्या राहिलेल्या अकरा वक्त्यांपैकी ते सातवे होते. पहिल्या सहा जणांनी मृताविषयी काहीच न सांगितल्यामुळे या सातव्या भाषणाला मंडपात बरेच वजन आले. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. माणसे वळून माझ्याकडे आदराने पाहत होती. समोर खुर्चीवर व्याह्यांचा फोटो हार घालून ठेवलेला होता आणि फोटोतही ते, नेहमीप्रमाणे, स्वतःच्या बाजूने एक शब्द बोलत नव्हते. मला स्तुती आवडत नाही असे मी म्हणणार नाही. आयुष्यभर ती मी रास्त प्रमाणात स्वीकारलेली आहे. परंतु दशक्रियेत उभे राहून कोणी कोणाचे म्हणणे खोडून काढत नाही, एवढ्या एका रिवाजाखातर मी त्या दिवशी गप्प बसलो. आता कागद माझा आहे. सदतीस वर्षे मी जमिनी मोजल्या. बांधाच्या दोन बाजूंना उभे राहून दोन भाऊ दोन वेगळ्या हकीकती सांगतात तेव्हा दोघांच्या गळ्याकडे पाहायचे नसते, जमिनीत पुरलेला दगड शोधायचा असतो, एवढे मला या नोकरीने शिकवले. सभापतींच्या हकीकतीत दगड नाही. तो माझ्यापाशी आहे आणि योग्य जागी मी तो दाखवीन. तत्पूर्वी ज्यांना अडाणी म्हटले गेले ते गृहस्थ कोण होते, हे सांगणे भाग आहे.

आमचे व्याही हे भीमेच्या दोन्ही काठांवर मिळून झालेले एकमेव गृहस्थ असावेत, ज्यांचा स्वतःच्या हातांखेरीज जगातल्या कोणत्याही मापावर विश्वास नव्हता आणि त्याहून विशेष म्हणजे स्वतःच्या हातांवरही पुरता विश्वास नव्हता. खुटबावच्या शिवारात त्यांचे गुऱ्हाळ होते. गूळ ते स्वतः उतरवीत. आजूबाजूच्या गुऱ्हाळांवर उत्तरेकडून आलेले कारागीर कामाला लागले, तापमापक आले, रंग उजळवणाऱ्या पावडरी आल्या. आमचे व्याही मात्र थंड पाण्यात दोन बोटे बुडवून तीच बोटे उकळत्या पाकात घालीत, चिमूटभर पाक पुन्हा पाण्यात धरून त्याची गोळी वळीत आणि ती कढईच्या कडेवर आपटून कान देऊन ऐकत. त्या बोटांना चटका बसणे केव्हाच थांबले होते. त्यामुळे झाले असे, की जगातली प्रत्येक वस्तू त्यांना अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून पाहावीशी वाटे. कापड, माती, नोटांचा कागद, माझ्या सदऱ्याची बाही, नातीच्या गुणपत्रिकेचा कोपरा, सगळे ते असे चोळून पाहत आणि मान हलवीत. गुणपत्रिकेवर काय लिहिले आहे हे ते कधीच विचारीत नसत. “कागद बरा हाय,” एवढाच त्यांचा अभिप्राय.

आमची पहिली भेट माझ्या मुलीच्या लग्नाच्या बैठकीत, शिरूरला, माझ्या घरी झाली. चहा आला. त्यांनी कपात तर्जनी बुडवली, बोट अंगठ्याला लावून उघडझाप केली आणि कप शांतपणे खाली ठेवला. मी कारण विचारले. ते म्हणाले, “पाव्हणं, साखर हाय ही. आमच्यात पाव्हण्याला आसली शिक्षा देत न्हाईत.” माझ्या मंडळींच्या देखत हे झाले. त्यानंतर त्यांनी पिशवीतून जुन्या वर्तमानपत्रात बांधलेली गुळाची एक ढेप काढून माझ्या टेबलावर, माझ्या मोजणीच्या नकाशांवर, ठेवली. त्या नकाशावरचा डाग पुढे मला वरिष्ठांना समजावून द्यावा लागला. त्यांच्या प्रवासाचे हे अविभाज्य सामान होते. बँकेत गेले की व्यवस्थापकाला, एसटीत बसले की कंडक्टरला, दवाखान्यात गेले की डॉक्टरला तपासण्यापूर्वी ढेप. कामाच्या बदल्यात ते ती देत असत असा समज करून घेऊ नये. काम झाले नाही तरी ढेप परत मागत नसत, आणि काम झाले तर आणखी एक देत.

परंतु तालुक्यात ते ज्या गोष्टीमुळे ओळखले जात, आणि ज्या गोष्टीमुळे त्यांच्या पाठीमागे लोक हसत, ती त्यांची शंका. एकदा पाक रटरटत असताना हेच माजी सभापती मते मागायला गुऱ्हाळावर आले आणि पाव तास बोलले. ते गेल्यावर व्याही कढईपाशी उभे राहिले ते उभेच राहिले. रस निवळावा म्हणून घालायचा चुना एकदा घातला की दोनदा, हे त्यांना आठवेना. कामावरच्या गड्यांनी एकदाच घातल्याची ग्वाही दिली. पाकाचा रंग चांगला होता, वास चांगला होता, गोळी खणखणीत वाजली. व्याह्यांनी सगळी कढई गुरांच्या आंबोणासाठी ओतायला लावली. मी योगायोगाने तिथे होतो. एवढ्या चांगल्या मालाचे हे काय, असे मी संतापून विचारले. ते म्हणाले, “माल चांगला आसंल पाव्हणं. पर मला आठवत न्हाई. मंग त्यो गूळ माझा न्हाई.” दर हंगामात अशी एखादी कढई जाई. खुटबावची गुरे त्या दिवसांत इतर गावांच्या गुरांपेक्षा तकतकीत दिसत, असे शेजारच्या राहू गावचे लोक चेष्टेने सांगत, आणि ते खोटे नव्हते.

आमच्या दोघांच्या वादाचा कायमचा विषय म्हणजे आमची नात ऋतुजा. माझी मुलगी आणि जावई शिरूरला माझ्याच गल्लीत राहतात. जावई रांजणगावच्या एका कारखान्यात नोकरीला आहेत. त्यामुळे शाळेचे दिवस ती माझ्याकडे असे आणि सुट्ट्या खुटबावला. तिला भूमिती मी शिकवली. मोजणीची साखळी, फाळका, कोन, क्षेत्रफळ हे तिला वयाच्या आठव्या वर्षी येत होते आणि तिची बुद्धी माझ्या घराण्यातून आली, हे मी अनेक ठिकाणी स्पष्ट केलेले आहे. व्याही यावर एवढेच म्हणत, “डोकं तुमचंच पाव्हणं. हात माझा.” ती महिनाभर पाबळला राहून वेल्डिंग शिकून आली तेव्हा तिने जोडलेले दोन पत्रे मी पट्टीने तपासले आणि व्याह्यांनी बोटांनी. दोघांचाही निर्णय एकच आला, आणि दोघांनाही त्याचे थोडे वाईट वाटले.

पुण्याला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असताना तिची बंगळूरच्या एका कंपनीत सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी निवड झाली. ही कंपनी लहान उपग्रह तयार करते. सभापती म्हणतात त्याप्रमाणे ती ‘उपग्रह बनवत’ नाही. उपग्रहाच्या एका पेटीने ऊन, थंडी आणि हादरे सोसावेत म्हणून ज्या चाचण्या होतात, त्यांत तिचे काम असते. जाण्यापूर्वी ती खुटबावला गेली आणि आजोबांना सगळे समजावून सांगू लागली. उपग्रहाची उन्हाकडची बाजू तापते, सावलीकडची गोठते, हे ऐकताच व्याह्यांचा चेहरा व्यावसायिक काळजीने भरून आला. “म्हंजी एका अंगानं करपतंय आन् दुसऱ्या अंगानं कच्चं ऱ्हातंय,” ते म्हणाले. “मंग ढवळायला वर कोन हाय?” मी मोठ्याने हसलो. ऋतुजा हसली नाही. काही उपग्रह याच कारणासाठी स्वतःभोवती सावकाश फिरवत ठेवतात, असे तिने सांगितले. व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही, एवढा त्यांचा मोठेपणा. तिथे चपला बाहेर काढाव्या लागतात, डोक्याला टोपी घालावी लागते आणि हात स्वच्छ केल्याखेरीज आत पाऊल टाकता येत नाही, हे ऐकल्यावर तर ते पूर्ण निश्चिंत झाले. “आपलं गुऱ्हाळच की,” ते म्हणाले, आणि उठून कामाला गेले.

शिरूरला मी तिचा सत्कार घडवून आणला. सभागृहात शाळेची मुले बसवली होती, कारण ‘होतकरू वैज्ञानिकांना मार्गदर्शन’ असा विषय मीच फलकावर लिहविला होता. ध्येय, चिकाटी, वाचन, वेळेचे नियोजन आणि थोरांची चरित्रे या पाच मुद्द्यांवर मी पन्नास मिनिटे बोललो. ते भाषण लेखी स्वरूपात अजून माझ्याजवळ आहे. त्यानंतर कोणीतरी उगाच माइक व्याह्यांच्या हातात दिला. त्यांनी आधी त्याची जाळी बोटांनी चाचपून पाहिली आणि म्हणाले, “पोरांनो, हात धुऊन कामाला लागा. ध्यान दुसरीकडं गेलं, तर गेलं म्हणून सांगा. आन् केलेलं आठवत नसंल तर त्ये काम आपलं न्हाई, ओतून द्या.” आणि बसले. मुलांनी जो गजर केला तो मला असभ्य वाटला. त्या मुलांपैकी कोणी आता रस्त्यात भेटले तर माझ्या पाच मुद्द्यांपैकी एकही त्याला सांगता येत नाही. ती तीन वाक्ये मात्र अभिनयासहित येतात.

ऋतुजा बंगळूरला गेली. मी शिरूरमध्ये ही वार्ता ज्यांना सांगितली नाही असे फार थोडे लोक उरले असतील. आणि नवव्या आठवड्यात, एका मंगळवारी सकाळी, मला माझ्याच एका परिचिताचा फोन आला, की तुमची नात आणि तुमचे व्याही दौंड स्टेशनवर सामानासह उतरताना पाहिले. मी ताबडतोब खुटबावला फोन लावला. तो संवाद मला शब्दशः आठवतो, कारण आमच्यातला तो शेवटचा संवाद ठरला.

“तुम्ही मुलीला घेऊन आलात?”

“व्हय.”

“काय कारण?”

“करमंना मला पाव्हणं,” ते म्हणाले.

यावर मी जे बोललो ते सर्व येथे देत नाही. कढईच्या काठापलीकडे जग असते, आपल्या मायेपायी एका मुलीचे आयुष्य आपण गुरांच्या आंबोणात ओतले, असे काहीसे होते आणि बांधीव होते. माझा राग नेहमीच बांधीव असतो. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा ते म्हणाले, “बरं. नवा गूळ निघालाय, ढेप पाठवू का?” मी म्हणालो, की तुमचा गूळ यापुढे माझ्या घरात येणार नाही. आणि फोन ठेवला.

पंधरा दिवसांनी ऋतुजा परत बंगळूरला गेली. त्या काळात ती दोन दिवस शिरूरला आली असताना घरी जाऊन मी तिला आणि तिच्या आईबापांना बरेच ऐकवले होते, त्यामुळे ती माझ्या समजावण्याने गेली हे मी गृहीत धरले, आणि तसे सांगूही लागलो. वाण्याच्या दुकानात सांगितले, निवृत्तांच्या कट्ट्यावर सांगितले, न्हावऱ्याच्या एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या गृहस्थांना सविस्तर सांगितले. ते गृहस्थ म्हणजे दौंड तालुक्याचे माजी सभापती. दशक्रियेत त्यांनी जे बोलून दाखवले ते मला पहिल्याच वाक्याला ओळखीचे वाटले, याचे कारण ते माझेच होते. ‘अडाणी प्रेम’ हा शब्दप्रयोगही माझाच. त्यांनी फक्त शेवटी ‘मंडळी’ जोडले.

चौदा महिने मी व्याह्यांशी बोललो नाही. ते दर महिन्याला जावयांबरोबर ढेप पाठवीत आणि मी ती शेजाऱ्यांना देत असे. माझ्याकडे साखरेचा चहा सुरू झाला. त्या चहाला चव नसते हे मला पहिल्याच आठवड्यात कळले होते, परंतु आपले म्हणणे मागे घेण्याचे ते पुरेसे कारण आहे असे मला वाटले नाही. यंदा हंगाम संपता संपता व्याह्यांना ताप आला. चार दिवसांत उतरेल असे सगळ्यांनी सांगितले. पाचव्या दिवशी सकाळी जावयाचा फोन आला. न्हावऱ्यावरून भीमेचा पूल ओलांडून मी खुटबावला पोहोचलो तेव्हा माणसे स्मशानातून परत फिरली होती. गुऱ्हाळावर कोणी नव्हते. कढई घासून पालथी घातलेली होती. ती त्यांनी ताप आलेल्या दिवशी स्वतः घातली होती, असे गड्याने सांगितले.

दशक्रियेच्या दिवशी मंडप सोडण्याचे काम सुरू झाले तेव्हा ऋतुजा माझ्याजवळ येऊन बसली. सभापतींचे भाषण तिने ऐकले होते. ती चिडलेली असेल असे मला वाटले, पण तसे काही दिसले नाही. तिने मला जे सांगितले ते मी आता, कमीजास्त न करता, नोंदवतो.

त्या कंपनीत पेटीचा प्रत्येक स्क्रू ठरलेल्या जोराने आवळायचा असतो. एकाने आवळायचा, दुसऱ्याने शेजारी उभे राहून पाहायचे, आणि मग दोघांनी त्या स्क्रूच्या क्रमांकापुढे सही करायची, अशी पद्धत आहे. सातव्या आठवड्यातल्या एका शुक्रवारी तिने बारा स्क्रू आवळले, सह्या झाल्या, पेटी बंद होऊन पुढच्या चाचणीला गेली. संध्याकाळी बसमध्ये तिच्या लक्षात आले, की अकरा आहेत. म्हणजे सह्या बारा आहेत, पण हाताला अकराच आठवतात. मध्ये कोणीतरी हाक मारली होती. पाहणाऱ्याचेही लक्ष तिकडे गेले असावे. तिने आईला फोन केला नाही, बापाला केला नाही. भूमिती शिकवणाऱ्या आजोबांना केला नाही. तिने गुऱ्हाळावर फोन केला.

“आबा, मी सही केलीय, पण आवळल्याचं आठवत नाही.”

“कितवा?”

“अकरावा.”

“बाकीचं आठवत्यात?”

“हो.”

“मंग आकरावा तुझा न्हाई. सांग त्यास्नी.”

“काढून टाकतील मला.”

“काढतील,” व्याही म्हणाले. “सांग.”

तिचे वरिष्ठ दौऱ्यावर होते, सोमवारी येणार होते. सोमवारी सकाळी तिने सांगितले. तीन दिवसांचे काम उलटे फिरवून पेटी उघडावी लागणार होती. कोणी ओरडले नाही. ओरडले असते तर बरे झाले असते, असे ती म्हणाली. दिवसभर तिला एका खोलीत बसवून दोन-तीनदा तेच तेच विचारले आणि तिने दोन-तीनदा तेच तेच सांगितले. संध्याकाळी सहाला ती फाटकाबाहेर आली, तर पहारेकऱ्याच्या खुर्चीवर, अंगात लग्नाकार्यातला कोट, मांडीवर पिशवी, असे व्याही बसलेले. सकाळी आठपासून ते तिथे होते. पहारेकरी बिहारकडचा होता आणि व्याह्यांना गुऱ्हाळांवरच्या कारागिरांमुळे त्यांच्या समजुतीप्रमाणे उत्तम हिंदी येत असे. दुपारपर्यंत दोघांनी मिळून अर्धी ढेप संपवली होती. तो आत निरोप द्यायला निघाला तेव्हा व्याह्यांनी त्याला अडवले होते: “उसकू मत बोलो मैं आया है. वो अंदर सच बोलरी. बीच में याद आया तो रोएंगी.” हे तिला पहारेकऱ्याने नंतर सांगितले. व्याह्यांनी तिला पाहिल्यावर एवढेच विचारले, की जेवलीस का.

त्या रात्रीच ते परत निघणार होते. परंतु तेवढ्यात तिला निरोप आला, की पेटी उघडून तपासणी पूर्ण होईपर्यंत तिने घरी थांबावे. तिला तशा अवस्थेत एकटीला प्रवासाला सोडणे त्यांना पटले नाही. तपासणी लवकर उरकेल या आशेने आठवडाभर ते तिच्या वसतिगृहाच्या जवळच्या एका धर्मशाळेत राहिले, रोज सकाळी त्या पहारेकऱ्याला भेटून काही कळले का विचारीत राहिले, आणि पुढच्या सोमवारी दोघे साध्या डब्यात, सामानावर बसून, दौंडला यायला निघाले. गाडीत त्यांनी तिला सांगितले, की गावात विचारले तर मीच तुला आणली असे सांगायचे. ती कबूल होईना. तेव्हा ते म्हणाले, “तुझी चूक झाली आसं कळलं तर धा गावच्या पोरी घरी बसवतील. म्हाताऱ्याची चूक झाली तर कुनाचं काय जातंय?”

“आणि आप्पांना?” तिने विचारले. आप्पा म्हणजे मी.

“त्यांला तर मुळीच नगं,” ते म्हणाले. “त्ये मोजणीवालं हाय. येकदा कागदावर आलं की त्यांच्याच्यानं पुसवत न्हाई.”

या वाक्याविरुद्ध मला पुष्कळ बोलता येण्यासारखे आहे. नकाशावर चूक झाली तर ती तांबड्या शाईने दुरुस्त करण्याची रीत आमच्या खात्यात होती आणि ती मी स्वतः अनेकदा पाळली, हे मी दाखवून देऊ शकतो. परंतु नातीने चूक केली आणि ती कबूल केली, हे त्या मंगळवारी मला कळले असते, तर मी शिरूरच्या कट्ट्यावर काय केले असते, याचा मी आता रोज विचार करतो. सत्काराचा फलक मी स्वतः लिहविला होता. मी बहुधा तिच्याशी बोलणे टाकले असते. ते व्याह्यांनी स्वतःवर घेतले.

पेटी उघडली तेव्हा अकरावा स्क्रू घट्ट होता. पूर्ण जोराने, ठरल्याप्रमाणे आवळलेला. ऋतुजाने खुटबावला बसूनच ही बातमी फोनवर ऐकली आणि ती रडू लागली, की हे सगळे उगाच झाले. व्याही म्हणाले, “उगाच कसं? आता त्यो तुझा झाला.” कंपनीने तिला परत बोलावले, ते मी समजूत घातल्यामुळे नव्हे. तिने सांगितले म्हणून. सहा महिने संपल्यावर तिला तिथेच नोकरी मिळाली. गेल्या महिन्यात ती शिरूरच्या शाळेत बोलायला आली होती. वैज्ञानिक व्हायचे असेल तर काय करावे, असे एका मुलीने विचारले. ऋतुजाने तीन वाक्ये सांगितली. ती कोणाची हे तिने सांगितले नाही, आणि तिसऱ्या वाक्याआधी ती पाणी प्यायली. मागच्या रांगेत बसून मी ती तिन्ही तिच्याआधी मनात म्हटली होती.

माझ्या फळीवर व्याह्यांनी पाठवलेली शेवटची ढेप आहे. ती शेजाऱ्यांना द्यायची राहून गेली होती, एवढ्यावरून माझ्या स्वभावाविषयी कोणी काही चांगला निष्कर्ष काढू नये. मी ती अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून पाहतो. मला त्यातले काही कळत नाही.

आता सभापतींचे, म्हणजे माझे, म्हणणे. आजोबा नातीला आणायला गेले. ऋतुजाची हकीकत कोणी प्रेमाची साक्ष म्हणून बाजूला सारील. मीही मोजणीत नातेवाइकांची साक्ष धरीत नसे. म्हणून दगड दाखवतो. मंडपात बोलून झाल्यावर तिने व्याह्यांच्या त्या कोटाच्या खिशातून निघालेले दोन कागद माझ्या हातात ठेवले. “आप्पा, तुम्हाला कागद लागतो,” ती म्हणाली. शाई उडत चालली आहे, पण वाचता येते. दौंडच्या खिडकीवरून, शनिवारी, निघण्याच्या आदल्या दिवशी, एकाच वेळी काढलेली ती दोन तिकिटे आहेत. पहिले दौंडहून बंगळूरचे. दुसरे, जे वापरले गेले नाही ते, सोमवारी रात्रीचे, बंगळूरहून दौंडचे. परतीच्या त्या तिकिटावर प्रवासी एकच आहे.